मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राथमिक शिक्षण आणि भाषाधोरण

ब्रिटिशांच्या भारतीय साम्राज्यातील मध्य प्रांत व वऱ्हाड हा प्रांत भाषिकदृष्ट्या एकजिनसी कधीच नव्हता. मराठी व हिंदी ह्या त्याच्या दोन प्रमुख भाषा. त्यांखेरीज गोंडी, कोरकू, माडिया, हलबी, छत्तीसगढी व उर्दू ह्या भाषा-बोली आणि चांदा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला तेलुगू बोलणारे लोक ह्या प्रांतात राहत होते. अशा प्रांतात मुलाला पहिले अक्षर कोणत्या भाषेत शिकवावे, हा प्रश्न १८६१ पासून १९५६ पर्यंत निरनिराळ्या स्वरूपांत पुढे येत राहिला. मातृभाषेतून सात वर्षांचे सक्तीचे व मोफत शिक्षण असावे, ही मागणी देशापुढे ठरावाच्या रूपाने मांडली गेली ती ह्याच प्रांतातील वर्धा येथे. तेथून सु. ८ किमी. अंतरावर धाम नदीच्या काठी असलेल्या पवनार ह्या गावाचाही ह्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे.

पवनार हे प्राचीन स्थळ आहे. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. नागपूर विद्यापीठाने १९६७ मध्ये तेथे उत्खनन केले. प्रवरसेनाचे ताम्रपट संस्कृतात आहेत, तर त्याच्या नावावर असलेले सेतुबंध हे काव्य माहाराष्ट्री प्राकृतात आहे. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे हे ठाणे होते व त्या वेळी दप्तराची भाषा फार्सी होती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात तिची जागा मोडीतील मराठीने घेतली. राज्यकर्त्यांच्या लेखनाची भाषा अशी वेळोवेळी पालटत गेली. गावकऱ्यांच्या घरात बोलली जाणारी भाषा मात्र कोणत्याच राजवटीने विचारात घेतल्याचे दिसत नाही. तसे करण्याचे कारणही नव्हते, कारण सर्व मुलांना शाळेत घालावे ही कल्पनाच तोवर उदयास आलेली नव्हती. पंतोजींच्या शाळेत येणारी थोडी मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि पावकी, निमकी, औटकी घोकीत. हिशेब आणि पत्रलेखन येण्यापुरते ते शिक्षण असे.

प्रांताची घडण व जिल्ह्याची भाषा : तिसरा रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारला आणि पुढील वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले. त्याच १८५४ साली आलेल्या वुडच्या खलित्याने सामान्य जनतेच्या शिक्षणासाठी देशी भाषांचा पुरस्कार केला. नागपूर प्रांत व सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण करण्यात आला. सागर-नर्मदा प्रदेशाचा कारभार त्याआधी वायव्य प्रांताकडे होता व तेथील शाळांची परंपरा हिंदी-उर्दूची होती. म्हणजे हा प्रांत दोन भिन्न भाषिक परंपरांचा सांधा होता. रिचर्ड टेंपल हा मुख्य आयुक्त असताना शिक्षणखात्याची घडी बसली. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला व १८६६ मध्ये पालकवाडी ह्या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसविण्यात आले. निजामाकडून १८५३ मध्ये इंग्रजांकडे आलेले वऱ्हाड १९०३ मध्ये ह्या प्रांताला जोडले गेले.

शाळांच्या माध्यमाबाबत खात्याने स्वीकारलेला मार्ग सोपा होता. नागपूर, वर्धा, भंडारा व चांदा हे जिल्हे मराठी ठरले. उत्तरेकडील व पूर्वेकडील जिल्हे हिंदी ठरले. वऱ्हाडच्या चार जिल्ह्यांत आधीपासूनच मराठी शाळा होत्या व मुसलमान मुलांसाठी उर्दू शाळांची वेगळी व्यवस्था होती. शिक्षक तयार करण्यासाठी नागपूरचे नॉर्मल स्कूल मराठीचे, तर जबलपूर व रायपूर येथील हिंदीचे. ज्या भाषेत शिक्षक तयार होई, ज्या भाषेत क्रमिक पुस्तक छापले जाई, ती शाळेची भाषा होई. भाषा हा मुलाचा नव्हे, तर जिल्ह्याचा गुण मानला गेला. हीच गोष्ट पुढील सर्व वादांच्या मुळाशी आहे.

ह्या व्यवस्थेचे फायदे कमी लेखून चालणार नाही. तुटपुंज्या पैशात शाळा काढावयाच्या, पुस्तके छापावयाची व पर्यवेक्षक नेमावयाचे तर भाषांची संख्या मर्यादित ठेवणे भाग होते. इंग्रजीचा आग्रह प्राथमिक शाळेत धरला गेला नाही, हेही खात्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. तथापि सीमेवरच्या तहसिलींत ह्या पद्धतीची अडचण उघड होई. छिंदवाडा जिल्ह्यातील सौंसर आणि बैतूल जिल्ह्यातील मुलताई ह्या तहसिलींत मराठी बोलणारे लोक मोठ्या संख्येने होते, पण त्यांचे जिल्हे हिंदी गणले जात. बालाघाट व निमाड ह्या जिल्ह्यांतही भाषांची अशीच सरमिसळ होती.

जिल्ह्याची भाषा आणि मुलाची भाषा ज्या ठिकाणी एकच मानली जाई, तेथेही अंतर राहतच असे. ग्रीअर्सनच्या भारतीय भाषापाहणीचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडी-नागपुरी बोलीची वैशिष्ट्ये नोंदविली आहेत. ‘मला, तुला’ ऐवजी ‘मले, तुले’ म्हणणारे पवनारचे मूल शाळेत जे मराठी वाची, ते पुण्याकडील प्रमाण मराठी होते. छत्तीसगढातही हाच प्रकार होता. हीरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ मध्ये लिहिलेल्या छत्तीसगढी व्याकरणाचे ग्रीअर्सनने १८९० मध्ये इंग्रजी भाषांतर केले, परंतु शाळेत हिंदीच चालली. बोली आणि प्रमाणभाषा यांतील हे अंतर मुले थोड्याफार कष्टाने ओलांडीत. गोंडी मुलांची गोष्ट वेगळी होती.

गोंडीचा प्रश्न : गोंडी ही द्राविड भाषाकुलातील भाषा. मराठी किंवा हिंदी ही गोंड मुलाच्या दृष्टीने सर्वस्वी परकी होती. ह्या भाषेकडे सरकारचे दुर्लक्ष होते असे म्हणता येणार नाही, आणि म्हणूनच तिची शाळेतील अनुपस्थिती अधिक जाणवते. नागपूरचा स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने गोंडांचे लिंगोगीत टिपून घेतले होते. त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये खुद्द टेंपलने ते हिस्लॉपच्या अन्य लेखनाबरोबर प्रसिद्ध केले. विल्यमसन ह्या मिशनऱ्याचे गोंडी व्याकरण १८९० मध्ये निघाले. चेनेव्हिक्स ट्रेंच ह्या सनदी अधिकाऱ्याचे व्याकरण १९१९ मध्ये आले. जमीनमहसुलाची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याला गोंडी आवश्यक वाटली. पहिलीच्या मुलाला शिकविणाऱ्या शिक्षकाला ती यावी, असा नियम मात्र झाला नाही. गोंडीसाठी स्वतंत्र लिपी रचण्याचा प्रयत्न सरकारकडून नव्हे, तर बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंग मसराम यांच्याकडून १९१८ मध्ये झाला.

जवळच्याच निजामी मुलखात पुढे वेगळा मार्ग अवलंबण्यात आला. आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लवाई येथे मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फोन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके छापून त्यांवर शाळा चालविण्यात आल्या. ज्या संस्थानात उस्मानिया विद्यापीठाची (१९१८) भाषा उर्दू होती व मराठवाड्यातील मुलांना वरच्या शिक्षणासाठी उर्दूकडे वळावे लागे, त्याच संस्थानाने गोंडीत प्राथमिक पुस्तक काढावे, हा इतिहासातील एक विरोधाभासच म्हणावा लागेल. वर्ध्याच्या दक्षिणेस, मराठी भाषिक प्रदेशाच्या सीमेवर झालेला हा प्रयोग गोंडीतून शिकविणे अशक्य नव्हते एवढे निश्चित दाखवितो.

विसाव्या शतकाच्या आरंभी बहुभाषिक साम्राज्यांपुढे असलेला हा प्रश्न युरोपातही तीव्र झाला होता. ऑस्ट्रियाच्या १८६७ च्या मूलभूत कायद्यातील एकोणिसाव्या कलमाने कोणावरही दुसरी प्रांतभाषा शिकण्याची सक्ती न करता त्याला स्वभाषेत शिक्षण मिळावे, असे तत्त्व मांडले. मोरेव्हियातील १९०५ च्या तडजोडीनुसार शाळेची भाषा येत असेल त्याच मुलाला तेथे प्रवेश देण्याचे ठरले. उलट हंगेरीत १९०७ च्या ॲपॉन्यी कायद्याने मग्यारेतर मुलांनी चौथ्या वर्षाअखेर मग्यार भाषेत विचार मांडता येण्याइतके शिकावे, असे बंधन घातले. मध्य प्रांतात मुलाला ना असा हक्क होता, ना त्याच्यावर अशी सक्ती. सर्व काही खात्याच्या नियमांवर चाले. मध्य प्रांताचा १९२० चा प्राथमिक शिक्षण कायदा स्थानिक संस्थांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा देणारा होता. त्याचा मुख्य रोख पटसंख्येवर होता. परंतु पट वाढूनही मुले टिकत नव्हती. हार्टोग समितीने १९२९ मध्ये दाखवून दिले, की ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत केवळ १८ उरली होती. गळतीची कारणे अनेक होती. न कळणारी भाषा हे त्यांपैकी एक असणार, पण त्याची वेगळी मोजणी समितीने केली नाही.

वर्धा योजना : काँग्रेसने नागपूर अधिवेशनानंतर (१९२०) भाषेच्या तत्त्वावर आपल्या प्रांतिक समित्यांची पुनर्रचना केली. त्यानुसार ह्या एका सरकारी प्रांतात नागपूर, विदर्भ (वऱ्हाड) व महाकोशल अशा तीन समित्या झाल्या. विनोबा भावे (१८९५–१९८२) १९२१ च्या एप्रिलमध्ये वर्ध्यास आले. पुढे नालवाडी येथे त्यांनी सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग केला. महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळील शेगाव (नंतरचे सेवाग्राम) येथे राहू लागले. ह्याच वर्षी वर्ध्याला हिंदी प्रचार समिती स्थापन झाली. ती पुढे राष्ट्रभाषा प्रचार समिती म्हणून प्रसिद्धी पावली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये नागपुरात भारतीय साहित्य परिषदेच्या वेळी ‘हिंदी अथवा हिंदुस्थानी’ ह्या शब्दप्रयोगावरून गांधी व उर्दूचे विद्वान मौलवी अब्दुल हक यांच्यात मतभेद झाले. मातृभाषेचा पुरस्कार आणि राष्ट्रभाषेचा प्रचार ह्या दोन्ही चळवळींचे मुख्य ठाणे एकाच गावात होते. त्यांचा मेळ घालणे हे मग अपरिहार्य ठरले.

प्रांतिक स्वायत्तता १९३७ मध्ये आली व काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली. दारूबंदी करावयाची तर अबकारी उत्पन्न बुडणार व शिक्षणाला पैसा उरणार नाही, ह्या पेचातून गांधींनी उद्योगाच्या द्वारे स्वावलंबी होणाऱ्या शाळेची कल्पना मांडली. मारवाडी शिक्षण मंडळाच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम, उत्पादक हस्तोद्योग हे शिक्षणाचे केंद्र आणि शिक्षकांचे वेतन क्रमाने त्यातून निघावे ही अपेक्षा, असे चार ठराव तीत संमत झाले. तपशील ठरविण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. आर्यनायकम्, आशादेवी, विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, ख्वाजा गुलाम सय्यदैन व के. टी. शाह हे तिचे सदस्य होते. सिलोनचे तमिळ आर्यनायकम् आणि बंगाली आशादेवी यांच्यापासून उर्दूतील झाकिर हुसेनांपर्यंत अनेक भाषांचे लोक तीत होते. मराठी ही मातृभाषा असलेले सदस्य विनोबा व कालेलकर हे दोघे.

समितीचा अहवाल २ डिसेंबर १९३७ रोजी सादर झाला. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला आणि ४० मिनिटे मातृभाषेला देण्यात आली. इंग्रजीला सात वर्षांत स्थान नव्हते. भाषेविषयीची कलमे लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहेत. हिंदुस्थानी भाषिक प्रदेशांत मातृभाषा म्हणून हिंदुस्थानी शिकवावी व नागरी आणि उर्दू ह्या दोन्ही लिपी सर्वांना आवश्यक असाव्यात. इतर प्रदेशांत प्रांतभाषा हीच मातृभाषा राहील व पाचव्या-सहाव्या वर्षी हिंदुस्थानी सक्तीची असेल, मात्र दोहोंपैकी कोणतीही एक लिपी निवडण्याची मुलांना मोकळीक असेल, अशी ही योजना होती.

येथे ‘मातृभाषा’ आणि ‘प्रांतभाषा’ हे शब्द समानार्थी धरले गेले. गुजरात किंवा बंगालसारख्या प्रदेशात त्याने फारसे बिघडत नव्हते. पण परिषद ज्या प्रांतात भरली त्याला एक प्रांतभाषाच नव्हती. त्यामुळे प्रत्यक्षात जुना जिल्हावार नियम चालू राहणार होता. वर्धा जिल्ह्यातील गोंड मुलाची मातृभाषा अहवालाच्या भाषेत मराठी ठरत होती. घराची भाषा, प्रांताची भाषा व देशाची भाषा अशा तीन पायऱ्या असलेल्या मुलांचा विचार ह्या थोर योजनेत झालेला नाही, ही तिची उणीव मान्य केली पाहिजे. ती केवळ समितीची नव्हती. त्या काळातील भाषावार प्रांतांच्या चळवळीतही ती होतीच.

हरिपुरा काँग्रेसने (१९३८) योजना स्वीकारली व सेवाग्राम येथे हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. ७ मार्च १९३८ रोजी विनोबा प्रकृतीच्या कारणाने पवनारला, धाम नदीकाठच्या जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहावयास गेले. ह्या स्थानाला पुढे परंधाम हे नाव मिळाले.

विद्यामंदिर व नावाचा वाद : मध्य प्रांतात ह्या विचारांना सरकारी रूप देण्याचे काम शिक्षणमंत्री व नंतर मुख्यमंत्री असलेले पं. रविशंकर शुक्ल यांनी केले. शाळा नसलेल्या खेड्यात दानात मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, अशी त्यांची विद्यामंदिर योजना होती. तिच्या शिक्षकांसाठी वर्ध्यास प्रशिक्षणशाळा काढण्यात आली व १९३८ च्या एप्रिलमध्ये गांधींनी तेथे भाषण केले. योजनेची मुख्य अडचण आर्थिक असेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात वादळ उठले ते नावावरून. मराठी माणसाच्या कानाला वाचनमंदिर, बालमंदिर असे शब्द परिचयाचे असल्यामुळे ‘विद्यामंदिर’ ह्या शब्दात त्याला पूजेचा वास आला नाही. हिंदी माणसालाही आला नाही. उर्दू बोलणाऱ्या पालकाला मात्र मंदिर म्हणजे देऊळ, हाच अर्थ दिसला. मुस्लिम लीगच्या पीरपूर अहवालाने (१९३८) ह्या योजनेवर कडक टीका केली, १९३९ च्या आरंभी नागपुरात सत्याग्रह झाला आणि अखेर उर्दू शाळांच्या बाबतीत तडजोड करावी लागली. ह्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी राजकारण होते हे खरे. तथापि एका शब्दाचा अर्थ तीन भाषांत एकच लागेल, असे गृहीत धरण्यात आले, ही चूक शिक्षणखात्याचीच होती.

मराठी-हिंदी दुराव्यानेही ह्याच सुमारास जोर धरला. डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ १९३८ च्या जुलैमध्ये गेले व शुक्ल मुख्यमंत्री झाले, ह्या घटनेकडे मराठी जिल्ह्यांत अनेकांनी महाकोशलची सरशी म्हणून पाहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर १९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेसने राजीनामे दिले आणि दोन्ही योजनांना सरकारी आधार राहिला नाही. पुढील वर्षी १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबांनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून युद्धविरोधी भाषण केले. सेवाग्रामची शाळा अडचणी सोसूनही चालू राहिली व १९४५ च्या तेथील परिषदेनंतर पूर्व-बुनियादी ते प्रौढशिक्षणापर्यंत नयी तालीमचा विस्तार करण्याचे ठरले.

स्वातंत्र्यानंतर : शुक्ल यांच्या दुसऱ्या कारकीर्दीत हा प्रांत १९५० मध्ये मध्य प्रदेश राज्य झाला व त्याने हिंदी व मराठी ह्या दोन्ही राजभाषा केल्या. एका राज्याने दोन समान राजभाषा चालविण्याचा हा प्रयोग सहा वर्षेच टिकला. शिक्षणमंत्र्यांच्या १९४९ च्या परिषदेने भाषिक अल्पसंख्य मुलांसाठी एक सूत्र ठरविले होते : शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असतील, तर त्यांच्या भाषेचा शिक्षक नेमावा. जिल्ह्याऐवजी वर्ग हा घटक धरणारे हे सूत्र, जुन्या नियमाच्या मानाने एक पाऊल पुढे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. सौंसर व मुलताई मध्य प्रदेशातच राहिले. राज्यघटनेतील ३५० अ हे, प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याविषयीचे कलम त्याच पुनर्रचनेबरोबर सातव्या दुरुस्तीने आले.

पवनारला १९५९ मध्ये विनोबांनी ब्रह्मविद्या मंदिर हा स्त्रियांचा आश्रम स्थापन केला. निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या, भिन्न मातृभाषांच्या साधिका तेथे एकत्र राहत आल्या आहेत. सर्व भारतीय भाषांनी आपापल्या लिपीबरोबर नागरीचाही वापर करावा, हा विचार विनोबांनी अखेरपर्यंत मांडला व त्यातून १९७५ मध्ये नागरी लिपी परिषद निघाली. स्वतःच्या लिपीच्या जागी नागरी, असे त्यांचे म्हणणे नव्हते. ज्या भाषांना रूढ लिपी नाही त्यांच्या दृष्टीने ह्या विचाराला विशेष महत्त्व होते, कारण मार्लवाईची गोंडी पुस्तके नागरीतच होती. सेवाग्रामची बुनियादी शाळा १९७० नंतरच्या दशकात बंद पडली. तेथे २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ ही मराठी माध्यमाची शाळा नव्याने सुरू झाली.

२०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सु. २९.८ लाख होती. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही. जुन्या चांदा जिल्ह्यातून १९८२ मध्ये निर्माण झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे २०१९ मध्ये ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिला सरकारी मान्यता नसल्यामुळे शिक्षणहक्क कायद्याखाली शिक्षणखात्याने नोटीस काढली व ग्रामसभेला उच्च न्यायालयात जावे लागले.